दर मिनिटाला दीड हजार : बडोद्यातल्या एका पियानोवादक-संगीतकार मुलीचं प्रकरण

एकतीस वर्षांची मुलगी. बडोद्यात वाढलेली, लंडनहून संगीतरचनेची पदव्युत्तर पदवी घेऊन परत आलेली, पियानो उत्तम वाजवणारी. तिच्या हातात एकाच आठवड्यात दोन कागद आले. पहिला मुंबईच्या एका कंपनीचा करार: महिना ६०,००० रुपये, बदल्यात दरमहा ४० मिनिटांचं तयार पार्श्वसंगीत. दुसरं बडोद्यातल्याच भरतनाट्यमच्या एका गुरूंचं साधं पत्र: ५० मिनिटांच्या नृत्यनाट्यासाठी संगीत हवं, तालमी आणि पहिला प्रयोग धरून मानधन ७५,००० रुपये. भागाकार करून बघा, दोन्हीकडे भाव एकच निघतो, मिनिटाला दीड हजार. घरच्यांचं म्हणणं सरळ होतं. एक पैसा दरमहा येणार, दुसरा एकदाच. यात विचार कसला करायचा?

मी हिशेबनीस माणूस, रावपुऱ्यात चार्टर्ड अकाउंटंटचं ऑफिस चालवतो. तिचे वडील माझे शाळासोबती, म्हणून ती मला काका म्हणते आणि म्हणूनच कागद माझ्याकडे आले. तिच्या संमतीने लिहितोय. नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. संगीतातलं मला फार कळत नाही. पण गरब्याचे गायक, वाद्यवृंदवाले, वाद्यांचे दुकानदार अशी मंडळी अशिलांत असल्याने या धंद्यातला पैसा कुठून येतो आणि कुठे मुरतो याची कल्पना आहे.

आधी तिची वही. २०२३-२४ या वर्षात १८ विद्यार्थी, आठवड्याला एक तास, महिना अडीच हजार फी. सुट्ट्या आणि गळती वजा जाता पावणेपाच लाख. नवरात्रीत गरब्याच्या वाद्यवृंदात कीबोर्ड आणि एरवी शनिवार-रविवारी हॉटेलच्या लॉबीत पियानो मिळून एक लाख चाळीस हजार. परीक्षेला बसणाऱ्या व्हायोलिनच्या मुलांना साथ केली त्याचे तीस हजार. आणि ज्या कामासाठी ही मुलगी कर्ज काढून साता समुद्रापार गेली होती, त्या संगीतरचनेचे तेहतीस हजार: एका लघुपटाचे पंचवीस, चर्चच्या गायनवृंदासाठी केलेल्या मांडणीचे आठ. शिवाय स्ट्रीमिंगचे चौदाशे रुपये. बेरीज सहा लाख ऐंशी हजारांच्या आत. त्यातून शैक्षणिक कर्जाचा हप्ता महिन्याला २८,०००, म्हणजे वर्षाचे तीन लाख छत्तीस हजार.

शंभर रुपयांतले पाच रचनेचे. पण मला खटकलं ते वेगळंच. ती रोज पहाटे साडेपाच ते साडेआठ लिहायला बसते, वर्षाला आठशेच्या वर तास. विद्यार्थ्यांना देते तेही जवळजवळ तेवढेच. शिकवण्याचा तास पावणेसहाशेला पडत होता, लिहिण्याचा बेचाळीस रुपयांना. माझ्याकडे झाडू मारायला येणाऱ्या मावशींचा तास याहून महाग आहे. हे मी तिला बोललो, तेव्हा ती हसून म्हणाली, “काका, मावशींचं काम रोज लागतं.”

स्ट्रीमिंगबद्दल थोडं, कारण तिच्या वडिलांचा सगळा भरवसा त्याच्यावर होता. कुठेसं वाचलं होतं त्यांनी की एकट्या पियानोचं शांत संगीत जगभर ऐकतात. ऐकतातही. पण २०२४ पासून स्पॉटिफायने नियम केला की मागच्या बारा महिन्यांत एक हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणाला काहीच पैसे नाहीत. तिच्या अकरा रचनांपैकी नऊ या रेषेच्या खाली. लुडोविको एइनाउदी या जगभर ऐकल्या जाणाऱ्या इटालियन पियानोवादक-संगीतकाराचं बघून आपल्या मुलीचं गणित मांडायचं म्हणजे तेंडुलकरकडे बघून गल्लीतल्या पोराला नोकरी सोडायला सांगण्यासारखं.

प्रकरणाला घाई आली ती पुरामुळे. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री फुगली आणि अकोटा-मुजमहुडा पट्ट्यात घराघरांत पाणी शिरलं, हे बडोदेकरांना सांगायला नको. तिची शिकवणीची खोली तळमजल्यावर. उभा पियानो दोनशे किलोच्या पुढचा. गाद्या, पुस्तकं, लॅपटॉप वर गेले, पियानो जागेवर राहिला. पाणी फूटभर चढलं. उभ्या पियानोत हातोड्या वर असतात म्हणून त्या वाचल्या. पण तारांची खालची टोकं, पेडलच्या दांड्या आणि आवाज घुमवणाऱ्या लाकडी फळीचा खालचा भाग पार तळाशी असतो. मुंबईहून ट्यूनर आला. फळी ठोकून बघितली, खालचं झाकण काढून टॉर्च मारला आणि म्हणाला की हीटर लावू नका, ब्लोअर लावू नका, लाकूड आपलं आपण वाळू द्या, दिवाळीनंतर सांगतो. वाळायच्या आधी तारा ताणल्या तर फळी चिरते. एका पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि त्यांचा एकूण ताण अठरा-वीस टनांचा, हे मला त्या दिवशी कळलं. दुरुस्तीचा अंदाज नव्वद हजार. घराचा विमा होता, घरातल्या सामानाचा नव्हता.

म्हणजे सप्टेंबरात परिस्थिती अशी: वाद्य बंद, उसन्या डिजिटल पियानोवर शिकवणी, हप्ता चालू, आणि समोर महिना साठ हजारांचा करार. तिचे वडील बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “सही कर आणि मोकळी हो.” त्यांचं चूक होतं असं मला आजही वाटत नाही.

करार मी दोनदा वाचला. दर ठीक, पैसे देण्याची तारीख ठीक, दहा टक्के टीडीएस कापणार तेही रीतसर. सातव्या कलमापाशी थांबलो. कराराच्या मुदतीत रचनाकार जे जे संगीत निर्माण करील, कोणत्याही स्वरूपातलं, ते सगळं जगभरासाठी आणि कायमस्वरूपी कंपनीचं. कंपनीने मागवलेलंच असं नव्हे, सगळंच. पहाटे साडेपाचला लिहिलेलंही. आणि त्याच मुदतीत ती जर नृत्यनाट्याचं संगीत लिहिणार असेल, तर त्या गुरूंना स्वतःच्या प्रयोगासाठी मुंबईची परवानगी काढावी लागली असती. तिने कलम वाचलं होतं. पण “असंच असतं सगळीकडे” असं तिला दोघा-तिघांनी सांगितलेलं.

या धंद्याची गंमत अशी की पियानोवादकाला ताशी पैसे मिळतात आणि तास संपला की विषय संपतो. संगीतकाराला मिळतात तेही बहुधा तुटपुंजे, पण लिहिलेलं शिल्लक राहतं. ते उद्या कुणी वाजवलं, परवा कुणी चित्रपटात घेतलं, तर पुन्हा पैसे देतं. आपल्याकडच्या कायद्याने संगीतकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं. एकाच माणसाच्या अंगात ही दोन्ही कामं असतात तेव्हा पहिल्याचा पगार दिसतो आणि दुसऱ्याची मालमत्ता दिसत नाही. तिच्या वहीत येणी होती, देणी होती, मालमत्तेच्या रकान्यात एक पियानो, तोही भिजलेला. चाळीसेक रचनांची बाडं कपाटात पडून होती, त्यांची नोंद कुठेच नव्हती. सातवं कलम पुढची नेमकी अशीच मालमत्ता मागत होतं, आणि वेगळी किंमत न लावता.

मी तिला वकिलाकडे पाठवलं. ढोबळ कायदा मात्र कुणाही संगीतकाराने माहीत करून घ्यावा असा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून चित्रपटातल्या किंवा ध्वनिमुद्रणातल्या संगीताचा रॉयल्टीतला समान वाटा संगीतकाराला सोडून देता येत नाही. चित्रपटगृहातलं प्रदर्शन एवढाच अपवाद. देता येतो तो वारसाला किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीला. कराराच्या नवव्या कलमात “रॉयल्टीचा हक्क सोडत आहे” असं लिहिलं होतं, ते त्यामुळे पोकळ ठरत होतं. दुसरं असं की हक्क देताना मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणजे कायदा मौन रचनाकाराच्या बाजूने वाचतो. पण इथे मौन नव्हतंच. “जगभर” आणि “कायमस्वरूपी” हे दोन्ही शब्द ठळक टाइपात होते. रॉयल्टी न सोडता येणं ही एक गोष्ट आणि ती प्रत्यक्ष हातात पडणं ही दुसरी. त्यासाठी आयपीआरएस या संगीतकार-गीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचं सभासदत्व घेऊन एकेक रचना नोंदवावी लागते. ते काम तिने चार वर्षं “करू नंतर” म्हणून ठेवलेलं. या एका मुद्द्यावर मी तिच्यावर चिडलो.

आता थोडं मागचं, कारण तिचा खरा प्रश्न कलमाचा नव्हताच. “काका, बाजारी संगीत लिहायला लागले की माझं लिहिणं बिघडेल का?” हा होता. मी त्यावर काय बोलणार? मी तिला माणसं दाखवली.

वनराज भाटिया. जन्म मुंबईचा, १९२७. लंडनच्या रॉयल अॅकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकले, मग पॅरिसला संगीतरचनेच्या नामवंत शिक्षिका नादिया बूलांजे यांच्याकडे. १९५९ मध्ये परत आले तेव्हा त्यांच्या तोडीचं पाश्चात्त्य रचनेचं शिक्षण घेतलेला माणूस या देशात शोधून सापडला नसता. आणि ते वाजवायला वाद्यवृंदही सहजी मिळत नव्हता. त्यांनी जाहिरातींची जिंगल्स केली, एक-दोन नव्हे, सात हजारांच्या वर. ‘अंकुर’, ‘मंथन’, ‘भारत एक खोज’ यांचं संगीत केलं, ‘तमस’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. मैफिलीसाठी लिहिलं ते त्या मानाने फार कमी वाजलं. २०१२ ला पद्मश्री मिळाली, २०२१ मध्ये गेले, आणि त्याच्या दोन वर्षं आधी त्यांच्या हलाखीच्या बातम्या सगळ्या वर्तमानपत्रांत होत्या. जिंगल्सनी त्यांचं संगीत बिघडवलं असं मला वाटत नाही. ‘भारत एक खोज’चं शीर्षकगीत ऐकलेला माणूस तसं म्हणणार नाही. पण सात हजार कामं करून म्हातारपणी घरात काय उरलं, हा हिशेबनिसाचा प्रश्न आहे.

दुसरा अमेरिकी संगीतकार फिलिप ग्लास. बूलांजेबाईंचाच विद्यार्थी, भाटियांच्या नंतरचा. पॅरिसमध्ये पंडित रविशंकर एका चित्रपटाचं संगीत करत होते, ते पाश्चात्त्य वादकांसाठी लिहून काढायचं काम १९६५ च्या सुमारास त्याच्याकडे आलं, आणि तिथून त्याची लय पालटली. न्यूयॉर्कला परतल्यावर स्वतःचा छोटा वादकसंच काढला, स्वतः कीबोर्डवर. नळजोडणी केली, टॅक्सी चालवली. १९७६ मध्ये ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’ मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या रंगमंचावर झालं, तिकिटं संपली, तरी डोक्यावर कर्ज राहिलं आणि हा गृहस्थ पुन्हा टॅक्सीवर. एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत असंच. पण एक शहाणपण त्याने सुरुवातीपासून केलं: स्वरलिपी कुणाला दिली नाही. ज्याला ते संगीत हवं त्याने त्याच्या संचालाच बोलवायचं. पुढे प्रकाशनसंस्थाही स्वतःची काढली.

तिसरं नाव तिनेच काढलं, कैखुश्रू सोराबजी. इंग्लंडात जन्मलेला, पारशी बापाचा मुलगा, चार-चार तासांच्या पियानोरचना लिहिणारा आणि चाळीसेक वर्षं त्या जाहीर वाजवायला लोकांना मनाई करणारा. मी म्हटलं, वडिलांनी ठेवलेल्या पैशांवर चालत होतं ना त्याचं? मग ते उदाहरण आपल्या कामाचं नाही. पुढे चल.

बडोद्याचंही उदाहरण आहे आणि ते बडोदेकर विसरतात. दरबारातले संगीतकार मौलाबक्ष यांची गायनशाळा १८८६ ची. आज ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सची विद्याशाखा आहे. मौलाबक्षांनी आपल्या संगीतासाठी स्वतःची स्वरलेखनपद्धती बसवली होती. त्यांच्या मुलाला सयाजीरावांनी लंडनला पाश्चात्त्य संगीत शिकायला धाडलं, तेही रॉयल अॅकॅडमीतच. म्हणजे बडोद्याचं माणूस लंडनला जाऊन सुरावटीच्या जोडीला स्वरमेळ शिकून येतं, ही गोष्ट सव्वाशे वर्षं जुनी आहे. तेव्हा खर्च दरबाराचा होता, आता १८ लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी.

वाटाघाटी तिने स्वतः केल्या, मी फक्त आकडे दिले. पहिल्या मेलला उत्तर आलं की मसुदा ठरलेला आहे, बदलत नाही. आठवडाभराने फोन आला. कंपनीला मुंबईत खऱ्या तंतुवाद्यांवर काही भाग ध्वनिमुद्रित करायचे होते, आणि संगणकावर सूर जुळवणारे ढीगभर मिळाले तरी व्हायोलावादकासमोर ठेवण्याजोगा स्वच्छ कागद लिहिणारे फार थोडे. तिची किंमत तिथे होती. शेवटी ठरलं ते असं: मालकी फक्त त्या त्या महिन्याच्या परिशिष्टात नोंदवलेल्या संगीताची, मैफिलीच्या, रंगमंचीय आणि नृत्यासाठीच्या रचना करारातून बाहेर, रॉयल्टी सोडण्याचं कलम रद्द. “जगभर” आणि “कायमस्वरूपी” यातलं एक अक्षर त्यांनी हलवलं नाही. तिनेही मग ताणलं नाही. तिने आपणहून मिनिटं चाळीसवरून तीसवर आणली, म्हणजे महिना पंचेचाळीस हजार. दर तोच.

“साठ मिळत होते ते पंचेचाळीस करून आलीस?” वडील म्हणाले. त्यांना मी वेळ मांडून दाखवली. चाळीस मिनिटं म्हणजे नृत्यनाट्य नाही, किंवा नृत्यनाट्य आणि झोप नाही. पंधरा हजारांत तिने महिन्याचे आठ-नऊ दिवस विकत घेतले होते. गरबा आणि हॉटेल त्या वर्षी बंद, विद्यार्थी अठरावरून बारा. लहान सहा जणांना तिच्याच एका जुन्या विद्यार्थिनीकडे दिलं. उरलेल्यांची फी तीन हजार. एकाही पालकाने कुरकुर केली नाही, यावरून आधी फी किती कमी होती ते कळतं.

आता नृत्यनाट्य, कारण खरा अभ्यास तिथे आहे.

विषय गुरूंचा होता. १८८० मध्ये सयाजीरावांचं लग्न तंजावरच्या मराठा घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी झालं, त्या इथे चिमणाबाई झाल्या. त्यांच्यासोबत आंदणात तंजावरच्या नर्तकी आणि साथीदार आले आणि दासीअट्टमने, म्हणजे भरतनाट्यमच्या जुन्या रूपाने, बडोद्यात मूळ धरलं. आंदणात भांडीकुंडी येतात तशी कलावंत माणसं येतात, याचं त्या बायकांना काय वाटलं असेल, असा तो पन्नास मिनिटांचा धागा. गुरू तमिळ, शिष्या गुजराती आणि मराठी, संगीतकार दांडिया बाजारातल्या पेटीवाल्या आजोबांची नात. बडोद्यात हे कुणाला विशेष वाटत नाही.

तिच्या डोक्यात पियानो, चेलो, मृदंगम आणि गायिका असा संच होता. चेलो मी कापला, हे कबूल करतो आणि पुन्हा कापीन. मुंबईचा चेलोवादक तालमींना आणायचा तर मानधन, गाडीभाडं, राहणं धरून तिच्या स्वतःच्या मानधनाच्या निम्म्याहून जास्त खर्च येत होता. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिचा फोन, की गुरूंच्या संचातल्या व्हायोलिनवाल्यांना ऐकलंस का? कर्नाटकी व्हायोलिन गायिकेच्या षड्जाला, म्हणजे ‘सा’ला लावतात, षड्ज-पंचम, षड्ज-पंचम असं, आणि तारा बहुधा पाश्चात्त्य पद्धतीपेक्षा ढिल्या. त्यातून घोगरा, दाणेदार आवाज निघतो. चेलोसाठी लिहिलेलं तिने फाडलं आणि त्या आवाजासाठी नव्याने लिहिलं.

मग गंधाराची, म्हणजे सारेगमतल्या ‘ग’ची भानगड. गायिकेचा षड्ज पांढरी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी. पहिला भाग मोहनममध्ये, म्हणजे आपला भूप. तंबोरा सुरू, गायिकेने गंधार लावला, पियानोने तोच गंधार धरला, आणि मला, ज्याला काही कळत नाही त्यालाही, दातात खडा आल्यासारखं झालं. पियानोचं सप्तक बारा समान भागांत कापलेलं असतं. तंबोऱ्यातून आपसूक उमटतो तो गंधार पियानोच्या गंधारापेक्षा चौदा सेंट उतरलेला असतो. एक सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. झटकन वाजवला तर खपून जातो, धरून ठेवला तर भांडतो. पेटीवरही हेच भांडण आहे. आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षं पेटीला दार बंद ठेवलं त्यामागे हाही एक आक्षेप होता.

डिजिटल पियानोवर यावर सोपा उपाय आहे. मेन्यूत जाऊन तेवढा गंधार चौदा सेंट उतरवायचा. मृदंगमवाल्या अण्णांच्या मुलाने तिथल्या तिथे करूनही दाखवलं, गोड वाजलं. तिने नकार दिला. कारण ऐकल्यावर मला वाटलं, पोरगी हिशेब शिकली. ती म्हणाली, “हे उद्या पुण्यात कुणी खऱ्या पियानोवर वाजवायला घेतलं तर? माझा कागद कुठल्याही पियानोवर चालला पाहिजे, नाहीतर तो फक्त या डिजिटल पेटीचा आहे.” मग तिने लिहिणंच बदललं. धरलेला गंधार गायिकेचा आणि व्हायोलिनचा. पियानोने षड्ज, पंचम, रिषभ यांचे थर लावायचे आणि गंधाराला हात लावायचा तो फक्त पळत्या सुरावटीत. पियानोच्या मधोमध एक रिकामी खिडकी ठेवल्यासारखं झालं आणि गाणं त्या खिडकीतून येऊ लागलं. हा भाग पाहणाऱ्या प्रत्येकाला सर्वांत जास्त आवडला. उणीव झाकायला केलेली जागा आहे ती, पण कुणाला सांगून पटणार नाही.

कागदाचाही प्रश्न होता. अण्णा पाच रेषांची स्वरलिपी वाचत नाहीत आणि त्यांनी ती का वाचावी? तिने एक तक्ता केला. वर पियानोच्या रेषा, खाली आदितालाच्या आठ मात्रांचे चौकोन आणि त्यात सोल्लुकट्टू, म्हणजे मृदंगम आणि नृत्याचे बोल, देवनागरीत. जिथे तिच्या लेखी सात-सातचे तुकडे पडत होते तिथे अण्णांनी पेन्सिलीने खूण केली, हा हिशेब समेवर येत नाही, एक मात्रा शिल्लक आहे. त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. तिने मोजलं. एक मात्रा शिल्लक होतीच. ती मात्रा अण्णांनी नृत्यातल्या एका उडीला देऊन टाकली.

प्रयोग २०२५ च्या फेब्रुवारीत झाला. खरा पियानो आणणं परवडणारं नव्हतं, डिजिटलच नेला. आणि आदल्या दिवशी गायिकेचा घसा बसला, षड्ज पांढरी चारवर आणावा लागला. डिजिटलवर बटण दोनदा दाबलं की सगळं दोन पट्ट्या खाली. खऱ्या पियानोवर पन्नास मिनिटांचं संगीत रातोरात खाली उतरवून वाजवणं तिलाही झेपलं नसतं. तत्त्व असावं, पण बटणही असावं.

गुरूंशी करार एका पानाचा, मराठीतच केला. संगीताची मालकी तिची. गुरूंच्या संचाला कितीही प्रयोग करायची मुभा, दर पुढच्या प्रयोगाला ती वाजवणार असेल तर बारा हजार, ध्वनिमुद्रणावर होणार असेल तर तीन. दुसऱ्या कुणी नृत्यसंचाने मागितलं तर परवानगी तिची, पण आधी गुरूंना विचारून. हे शेवटचं कलम कायद्याला नको होतं, नात्याला हवं होतं.

वर्षाअखेरची वही अशी. शिकवणी पावणेचार लाखांच्या थोडी वर. कंपनीकडून पाच लाख चाळीस हजार. नृत्यनाट्याचे पंच्याहत्तर, पुढच्या दोन प्रयोगांचे चोवीस. त्यातले सहा भाग सुटे करून तिने पियानोच्या छोट्या रचना म्हणून स्वतःच स्वरलिपी विकायला ठेवल्या. त्याचे नऊ हजार, गिऱ्हाइकं बहुतेक शिक्षक. बेरीज दहा लाखांच्या जरा पुढे, म्हणजे जीएसटीच्या वीस लाखांच्या मर्यादेत आरामात. पाश्चात्त्य पियानो हा सरकारच्या व्याख्येत “शास्त्रीय कला” ठरतो की नाही, या चर्चेतून त्यामुळे मी वाचलो. तिच्या मालकीच्या रचनांचा वाटा शंभरात दहा. आधीच्या पाचाच्या दुप्पट म्हणा किंवा अजून नुसता दहा म्हणा, दोन्ही खरंच आहे. पार्श्वसंगीताचे पैसे मी त्यात धरलेले नाहीत; ते पगाराच्याच जातीचे. आयपीआरएसकडे रचना नोंदल्या गेल्या आहेत, तिथून अजून नाव घेण्याजोगं काही आलेलं नाही. पियानो जानेवारीत वाळून उभा राहिला. दुरुस्ती नव्वदची एक लाख दहाला गेली, आणि खालचे दोन-तीन सूर पावसाळ्यात अजून चढतात. सामानाचा विमा मी तिच्या मागे लागून उतरवून घेतला.

लिहिणं बिघडलं का? तिला विचारलं तर म्हणते की पार्श्वसंगीतामुळे हात सैल झाला, पूर्वी एका पानाला महिना लागायचा. तिच्या लंडनच्या एका मित्राने नवं ऐकून “जरा जास्तच गोड” असा शेरा दिला म्हणे. मला दोन्हीतलं काही ठरवता येत नाही.

डिसेंबरात कराराचं नूतनीकरण आलं. दर मिनिटाला सतराशे केलाय, आणि एक नवं कलम घातलंय: दिलेलं सगळं संगीत, सुट्या वाद्यांच्या ध्वनिफितींसकट, कंपनीच्या सॉफ्टवेअरला संगीतरचना शिकवायला वापरता येईल. त्याचा वेगळा मोबदला नाही. तिने ते कलम खोडून कागद परत पाठवला. “त्यांनी नाही म्हटलं तर?” असं वडिलांनी विचारलं, तेव्हा तिने विद्यार्थ्यांची यादी उघडून दाखवली. तीन जागा तिने मुद्दाम रिकाम्या ठेवल्यात. कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही. तोवर जुन्याच दराने महिन्याला तीस मिनिटं जातात, आणि प्रत्येक बिलावर परिशिष्टाचा क्रमांक असतो.